घराखालचे एकोणीस फोटो

पत्र: आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीमध्ये, आमचं पहिलं घर घेतोय. 1988 सालचं, चार बेडरूमचं, मागे मोठी झाडं. ऑफर मंजूर झाली आणि मग इन्स्पेक्शनचा रिपोर्ट आला. त्यात एकोणीस फोटो नुसते घराखालचे, म्हणजे क्रॉल स्पेसचे. एका कोपऱ्यात साचलेलं पाणी, लाकडावर पांढरी बुरशी, ‘मॉइश्चर 24 टक्के’, लोंबणारं इन्सुलेशन, सुटलेला डक्ट (एसीची हवा नेणारा पाइप), ड्रायरची नळी तिथेच उघडी सोडलेली, करड्या रंगाचे पाण्याचे पाइप, सिमेंटच्या ठोकळ्यावर टेकवलेला जॅक, भिंतीवर वाळवीची जुनी वाट आणि एक सापाची कात. नवरा म्हणतो, इथे सगळ्याच घरांखाली असंच असतं. सासूबाई चिपळूणला असतात. त्यांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले, तिथे चुकलंच. ‘पोकळीवर उभं घर, वर त्यात नाग. सोडून द्या,’ म्हणाल्या. आमची ड्यू डिलिजन्सची, म्हणजे घर तपासून हो-नाही ठरवण्याची, मुदत पुढच्या शुक्रवारी संपते आणि फी तर भरून बसलोय. घर सोडावं का?
– एक वाचक, कॅरी

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं, हे चिपळूणच्या माणसाला शिकवावं लागत नाही. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, तेव्हापासून तर नाहीच. फक्त त्यांनी बोट चुकीच्या फोटोवर ठेवलं. कातीचं शेवटी बघू. मी थांबलो तो तुमच्या यादीतल्या सगळ्यात कंटाळवाण्या फोटोपाशी, कोपऱ्यातल्या पाण्यापाशी.

मी याच राज्यात बावीस वर्षं घरं तपासली. आता गुडघे रांगू देत नाहीत, म्हणून लिहितो. तेव्हा तुमच्या मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे, हे आधी सांगून टाकतो. या भागातल्या तीस-पस्तीस वर्षांच्या घराखाली गेलं की यातल्या पाच-सहा गोष्टी हमखास सापडतात. पण ‘सगळीकडे असतं’ म्हणजे ‘चालतं’ असं नव्हे.

पोकळीचं म्हणाल तर आपल्याकडे घराला जोतं असतं, दगडमातीने भरून चोपलेलं. इथे तेवढ्याच उंचीत भराव घालत नाहीत. चहूबाजूंनी भिंत, मधे खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. वाड्यात माडीला जो कडीपाट असायचा, तोच इथे तळमजल्याला असतो. खालच्या दोन-तीन फुटांच्या अंधारातून नळ, सांडपाण्याचे पाइप, वायरी, डक्ट असं सगळं फिरवलेलं. दुरुस्तीला सोयीची रचना आहे आणि अशुभ तर मुळीच नाही. तिचा दोष एवढाच की तिकडे कुणी जात नाही. ख्रिसमसच्या दिव्यांचं खोकं काढायला मालक वर्षातून एकदा तरी माळ्यावर चढतो, घराखाली मात्र वीस-वीस वर्षं डोकावत नाही. मग जे काही बिघडतं ते निवांत बिघडत राहतं.

आता पाणी. एक हिशेब करून बघा. दीड हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 935 गॅलन, म्हणजे साडेतीन हजार लिटर पाणी खाली येतं. तुमच्या भागात वर्षाला साधारण 46 इंच पाऊस होतो. चिपळूणच्या निम्म्याहूनही कमी, पण इथली तांबडी चिकणमाती पाणी पटकन पीत नाही. छपराचं पाणी कडेच्या आडव्या पन्हळीत, तिथून उभ्या पाइपला आणि तो पाइप जिथे संपतो तिथे थेट पायाशी. पाणी ज्या कोपऱ्यात साचलंय त्याच्या बरोबर बाहेर जाऊन बघा. नव्वद टक्के... नको, आकडा देत नाही. पण मी पैज लावायला तयार आहे की उभा पाइप तिथेच सुटलेला किंवा तुंबलेला असेल. नाहीतर जमिनीचा उतार घराकडे असेल. नियमाप्रमाणे भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच खाली जायला हवी. बांधताना ती तशी असतेच. पुढे दर वसंतात लोक फुलझाडांच्या वाफ्यांत मल्च, म्हणजे झाडांच्या सालींचा भुसा, ओततात, वाफा चढत जातो आणि पंधरा वर्षांनी उतार उलटा होतो. हौसेनं केलेलं काम असतं हो, कुणाला बोलणार.

शुक्रवारच्या आत एखादी सर आली तर रिअल्टरला सांगून छत्री घेऊन तिथे जा. अर्धा तास घराभोवती फिरा आणि पाणी कुठे धावतंय ते बघा. साठ पानी रिपोर्टपेक्षा हा अर्धा तास जास्त सांगेल. पाणी बाहेरून येत असेल तर उपाय स्वस्तात होतो: उभ्या पाइपला लांब नळी जोडायची आणि माती चढवायची. पाऊस नसतानाही डबकं भरलेलं असेल, तर मात्र वरचा एखादा नळ किंवा सांडपाण्याचा पाइप गळत असेल किंवा जमिनीतूनच पाणी वर येत असेल. तो खर्च वेगळा.

पाण्याची दुसरी वाट हवेची. ती भल्याभल्यांना कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या घराच्या पायाच्या भिंतीत जाळीची छोटी छोटी भोकं असतील. हवा खेळती राहिली की घराखालचं कोरडं राहील, अशी जुनी समजूत. आता कोकणातला जून आठवा. पहिल्या पावसात दारं-खिडक्या उघड्या टाकल्या की लादीला घाम फुटतो, पुसावी तितकी ओली. बाहेरची दमट, गरम हवा गार लादीला टेकते आणि पाणी सोडते. इथल्या उन्हाळ्यात घराखाली हेच होतं. बाहेरून वाफाळलेली हवा जाळीतून आत शिरते आणि एसीच्या गार डक्टवर, गार कड्यांवर घाम धरते. ही जाळी हिवाळ्यात बरी, पण जुलै-ऑगस्टमध्ये ओल आत आणणारी. याच राज्यातल्या प्रिन्सव्हिल गावात हे तपासूनही झालंय. 1999 च्या फ्लॉइड वादळात बुडालेलं हे गाव. तिथल्या बारा नव्या घरांवर राली शहरातल्या ‘अॅडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेने प्रयोग केला. काही घरांच्या जाळ्या बंद करून जमिनीवर आणि भिंतीला प्लास्टिक लावलं, काही घरं पूर्वीसारखीच ठेवली. बंद केलेल्या घरांखाली कोरडं राहिलं आणि थंड-गरम करण्याची वीजही पंधरा टक्क्यांच्या वर वाचली. पुढे राज्याच्या बांधकाम नियमांतच बंद क्रॉल स्पेसला जागा मिळाली.

म्हणून तुमचे 24 टक्के तारखेसकट वाचा. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहावं. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण अठ्ठावीस-तीस टक्के लागतात. 24 म्हणजे मधली पायरी. वर पांढरी बुरशी धरते, पण लाकूड अजून आतून खात नाही. हे मोजमाप ऑगस्टचं असेल तर ते वर्षातलं सगळ्यात वाईट, आणि हिवाळ्यात आकडा आपोआप उतरेल. फेब्रुवारीतच 24 भरले असतील तर ओलीचा उगम दुसरीकडे आहे.

बुरशीचा फोटो पाहून तुमची झोप उडाली असेल. इन्स्पेक्टरला एकच विचारा: ‘तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलात का?’ टोक आत रुतत नसेल तर बुरशी वरवरची आहे. ओल गेली की ती थांबते, मग पुसून काढता येते. टोक लोण्यासारखं आत गेलं, किंवा लाकडाला चौकोनी चिरा पडून ते ढेकळासारखं सुटत असेल, तर ती कडी कुजली. मग वर काही फवारून उपयोग नाही, कडी बदलावी किंवा शेजारी नवी जोडावी लागते. बुरशी काळी की पांढरी याला माझ्या लेखी फार अर्थ नाही. आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवरची पांढरी पूड तर बुरशीच नव्हे. ते भिंतीतून फुटलेले क्षार, त्यावर पाण्याचा थेंब टाकला की विरघळतात. या पुडीचा फोटो दाखवून बुरशी काढण्याचं कोटेशन देणारेही भेटतात. ‘फुकट तपासणी’ करून देणाऱ्या कंपनीला घराखाली काही सापडलं नाही, असं माझ्या पाहण्यात एकदाही घडलेलं नाही.

तरी घरात कुणाला दमा असेल तर हे हलक्यावर घेऊ नका. गरम हवा वर चढून छपराकडून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून हवा ओढली जाते. तळमजल्यावर आपण जो श्वास घेतो, त्यातला काही भाग घराखालून येतो. सुटलेला डक्ट म्हणूनच नुसता विजेचा प्रश्न राहत नाही. गार हवा घरात सोडणारा डक्ट सुटला तर तुम्ही झुरळांना एसी पुरवताय, इतकंच. पण घरातली हवा परत ओढून नेणारा डक्ट सुटला, तर तो बुरशी, धूळ, उंदराच्या लेंड्या असं सगळं ओढून तुमच्या बेडरूममध्ये पोचवतो. दोघांपैकी कुठला सुटलाय ते विचारा. ड्रायरची नळी ही सगळ्यात सोपी दुरुस्ती. ती बाहेर काढायलाच हवी. प्रत्येक धुण्यातलं पाणी आणि पेट घेणारा कापसाचा भुगा ती कड्यांखाली टाकत बसली आहे.

जॅकपाशी मात्र मी हट्टाने बसणार. फोटोत लोखंडी स्क्रू जॅक आहे, तो पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवलाय आणि ठोकळा नुसता मातीवर. म्हणजे कधीतरी वरच्या खोलीची लाकडी जमीन दबली किंवा हलायला लागली, आणि कुणीतरी दुकानातून जॅक आणून टेकू दिला. टेकूला माझी हरकत नाही, पण खाली काँक्रीटचा पाया नसलेला टेकू पावसाबरोबर मातीत रुततो. ती जमीन का दबली, हा खरा प्रश्न. मला अशा ठिकाणी बहुतेक वेळा वर बाथरूम सापडली. टबचा पाइप न्यायला प्लंबरने कडीच कापलेली असते. नियम साधा आहे: कडीच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच घ्यायची नाही, आणि भोक पाडायचं तर वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच सोडून. पण पाठीवर पडून, नाकाशी कोळ्याचं जाळं घेऊन काम करणाऱ्याला हे आठवत नाही. कुणीतरी एकदा करवत चालवली की घराचे वासे खरोखरच फिरतात, म्हणीत म्हटल्यासारखे.

यावर इन्स्पेक्टरचं मत पुरेसं नाही. राज्याचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्याच्याकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्या. पायाच्या भिंतीतल्या भेगाही त्यालाच दाखवा. केसासारखी उभी भेग असेल तर मी सहसा चहा थंड होऊ देत नाही. आडवी भेग आणि भिंत आत फुगलेली दिसली, तर बाहेरची ओली माती भिंत ढकलतेय. इंजिनिअरची फी काही शे डॉलर जाईल, पण पूर्ण व्यवहारात यापेक्षा चांगला खर्च होणार नाही. मी माझं स्वतःचं पहिलं घर घेताना तो वाचवला होता. दोन वर्षांनी जेवणाच्या टेबलावरून वाटाणा आपणहून घरंगळायला लागला, तेव्हा कळलं.

करडे पाइप. त्यांच्यावर ‘पीबी 2110’ असा छाप असेल तर ते पॉलिब्युटिलिन. 1978 ते 1995 या काळात ते अमेरिकेत सर्रास घातले गेले, तुमचं घर बरोबर त्यात बसतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते आतून ठिसूळ होतात. बाहेरून ठणठणीत दिसतात आणि एके दिवशी फुटतात. पुढे यावर मोठे खटले होऊन भरपाईही दिली गेली. विमा कंपनीला फोन करून आजच विचारा, कारण काही कंपन्या असे पाइप असलेलं घर घ्यायला नाखूष असतात. पूर्ण घराचे पाइप बदलण्याचं कोटेशन घ्या आणि तो आकडा किमतीच्या बोलणीत मांडा.

वाळवीची वाट जुनी आहे म्हणता, तर ती मोडून पाहिली का ते विचारा. पेन्सिलीएवढी मातीची नळी मोडल्यावर काही दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे. इथे वाळवीचा रिपोर्ट राज्याने ठरवून दिलेल्या नमुन्यात वेगळा मिळतो. तो घ्या, आधीच्या उपचारांचे कागद मागा आणि वार्षिक करार तुमच्या नावावर होतो का ते पाहा. एवढं केलंत की या मुद्द्याला विसरा.

एकोणीस फोटोंपैकी एकातही नाही आणि येणारही नाही, अशी एक गोष्ट राहिली. रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून निघणारा हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. घराखालच्या उघड्या मातीतून तो सरळ वर येतो. 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रातला स्टॅन्ली वॉट्रस हा इंजिनिअर कामावर आला की किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. अणुभट्टी तर अजून सुरूच झालेली नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं की किरणोत्सार तो घरून घेऊन येत होता. त्याच्या तळघरात रेडॉन लिटरला 2,700 पिकोक्युरीच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) आसपास होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उपाय करायची रेषा 4 वर आखली आहे. त्याच संस्थेच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे 21 हजार माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. चाचणी अठ्ठेचाळीस तासांची असते, त्या काळात दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. शुक्रवार धरला तर ती उद्याच लावायला हवी. आकडा चारच्या वर आला म्हणून घर सोडायचं कारण नाही. जमिनीवर प्लास्टिक, त्याखालून एक पाइप, पाइपला पंखा, आणि वायू छपरावरून बाहेर. शेजाऱ्याकडे कमी आला म्हणून तुमच्याकडेही कमी असेल, असं मात्र गृहीत धरू नका.

आता रिपोर्टमधली फोटो नसलेली पानं उघडा आणि ‘पोचता आलं नाही’, ‘दिसलं नाही’, ‘इन्सुलेशनने झाकलेलं’ अशी वाक्यं शोधून खाली रेघ मारा. कमी उंचीमुळे किंवा पाण्यामुळे इन्स्पेक्टर अर्ध्यातून परतला असेल तर तो तसं लिहितो, आणि तसं लिहून तो मोकळा होतो. त्या भागाची जबाबदारी मग तुमची. कुजकी कडी नेमकी तिथे असते हा माझा अनुभव, कारण पाणीही तिथेच असतं. घराखाली घर गरम करणारी गॅसची भट्टी असेल तर तिच्या धुराच्या पाइपचे सांधे पाहिले का, हेही विचारा. तो सुटला तर कार्बन मोनॉक्साइड वर येतो, म्हणून प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवाच.

आणि मिस्टरांना सांगा, बॅटरी घेऊन स्वतः आत शिरू नका. साचलेलं पाणी आणि उघड्या वायरीचे सांधे एकाच ठिकाणी असू शकतात. ब्लॅक विडो कोळी याच अंधारात राहतो. मला तो अकरा वेळा दिसला. बाराव्या वेळी त्याला मी आधी दिसलो, आणि ती रात्र मी इमर्जन्सीत काढली.

आता पैशांचं. नॉर्थ कॅरोलायनात ड्यू डिलिजन्स फी विकणाऱ्याच्या खिशात गेली, ती परत येत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत माघार घेतलीत तर अर्नेस्ट मनी, म्हणजे इसाऱ्याची रक्कम, परत मिळते. तेव्हा गेलेल्या फीसाठी घर घेऊ नका. इंजिनिअर, रेडॉन आणि पाइपचं कोटेशन ही तीन कामं त्याआधी होत नसतील तर मुदत लेखी वाढवून मागा. विकणारे बहुधा देतात. तुम्ही गेलात तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरलाही हेच दिसेल, हे त्यांनाही कळतं. ‘तुम्ही दुरुस्त करून द्या’ असं म्हणू नका, किंमत कमी करून मागा. घर सोडून चाललेला माणूस सगळ्यात स्वस्त कारागीर शोधतो. फक्त जॅकचं काम क्लोजिंगच्या, म्हणजे घर तुमच्या नावावर होण्याच्या, आधी, इंजिनिअरच्या पत्राप्रमाणे करून मागा.

घर तुमचं झाल्यावर आधी बाहेरचं पाणी वळवा, मग ड्रायर आणि डक्ट, मग जमिनीवर नवं प्लास्टिक. किमान 6 मिल (इंचाचे सहा हजारांश) जाडीचं, सांधे एकमेकांवर नीट चढवलेले. लोंबणारं ओलं इन्सुलेशन काढून टाका आणि एक ऋतू थांबून लाकडाची ओल पुन्हा मोजा. त्यानंतर सगळं बंद करायचं, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) बसवायचं का ते ठरवा. ओल्या घराखाली झाकण घालू नका, मग विक्रेता कितीही सवलत देवो.

इंजिनिअर म्हणाला की तुळई बरी आहे आणि एक-दोन कड्या बदलाव्या लागतील, तर मी हे घर घेईन. तो म्हणाला की भिंत आत येतेय, तर फी अंगावर घेऊन बाहेर पडेन.

राहिली कात. सासूबाईंना सांगा, नाग या खंडात नसतो. इथला विषारी आणि नेहमी भेटणारा साप म्हणजे कॉपरहेड, पण घराखाली मला बहुतेक वेळा उंदीर खाणारा काळा, बिनविषारी सापच सापडला. तो उंदरांसाठी येतो, आणि उंदीर फाटलेल्या जाळीतून येतात. पाव इंची लोखंडी जाळी आणून ती भोकं बंद करून घ्या. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा. कात मात्र तिथेच राहू द्या, शुक्रवारपर्यंत तरी. इंजिनिअर खाली शिरायच्या आधी त्याला ती दाखवलेली बरी.